शेरा आणि संवाद : पर्यवेक्षकाचे मार्गदर्शन-कौशल्य

(मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व शिक्षण विस्तार अधिकारी ह्यांच्या अभ्यासासाठी)

१. प्रास्ताविक

शाळा पाहून अधिकारी परत गेले, म्हणजे शाळेत मागे काय उरते? शेरेबुकात पाच-सात ओळी उरतात. ‘वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे.’ ‘गणिताचा सराव वाढवावा.’ ‘मागे पडलेल्या मुलांची प्रगती साधावी.’ ह्या ओळींत खोटे असे काही नसते. परंतु पुढील भेटीच्या वेळी मागचे पान उलटून पाहावे, तो पुष्कळदा तेच शब्द, तीच सही आणि वर्गात तीच स्थिती आढळते. शिक्षक कामचुकार असतो असे नाही आणि अधिकारी बेफिकीर असतो असेही नाही. मग खरा असलेला शेरा निष्फळ का ठरतो?

ह्याचे एक उत्तर असे आहे की, काय व्हावे हे शेरा सांगतो, परंतु ते ह्या वर्गात, ह्या मुलांबाबत, ह्या शिक्षकाकडून कसे होईल, ह्याचा शोध शेऱ्याने लागत नाही. तो शोध शिक्षकानेच घ्यावयाचा असतो, आणि त्या शोधात त्याला सोबत करणे हे पर्यवेक्षकाचे खरे कौशल्य होय. प्रस्तुत लेखात ह्याच कौशल्याचा विचार करावयाचा आहे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी ह्या तिघांनाही येथे ‘पर्यवेक्षक’ ह्या एकाच नावाने संबोधिले आहे.

२. पूर्वपीठिका

आपल्या तपासणीची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालाशी जोडले. निरीक्षकाने यावे, वाचन, लेखन व अंकगणित ह्यांत मुलांची परीक्षा घ्यावी आणि त्या निकालावर शाळेला पैसे मिळावेत, अशी ती योजना होती. मॅथ्यू आर्नोल्ड हा प्रसिद्ध कवी स्वतः शाळानिरीक्षक होता. त्याने ह्या पद्धतीवर सतत टीका केली. शिक्षक निरीक्षकासाठी शिकवू लागतो आणि अध्यापन यांत्रिक होते, हा त्याच्या टीकेचा आशय. ह्या पद्धतीची छाया हिंदुस्थानातील अनुदानपद्धतीवरही पडली होती. ती पद्धत गेली, परंतु ‘साहेब येणार’ म्हणताच पाठ केलेली कविता मुलांकडून पुनःपुन्हा म्हणवून घेण्याची सवय काही शाळांतून अद्याप गेलेली नाही.

महाराष्ट्रात १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) एक महत्त्वाचा विचार मांडला. प्रशासन आणि पर्यवेक्षण ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे असली, म्हणजे प्रशासन पर्यवेक्षणाला गिळून टाकते. म्हणून ती वेगळी करावीत, असे आयोगाचे म्हणणे होते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे ह्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. जवळजवळच्या शाळांनी एकमेकींना साहाय्य करावे, ह्यासाठी शालासमूहाची कल्पनाही ह्याच आयोगाने पुढे आणली. आपल्या राज्यात १९९४ मध्ये केंद्रशाळांची योजना झाली आणि साधारणतः दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्याचे ठरले. शिक्षकाच्या जवळचा, त्याच्या अडचणी जाणणारा मार्गदर्शक असावा, हा त्यामागील हेतू होता.

हेतू उत्तम असला, तरी प्रत्यक्षात माहिती गोळा करणे, प्रपत्रे भरून घेणे, बैठकांना उपस्थित राहणे ह्यांत केंद्रप्रमुखाचा बराच वेळ जातो. वर्गात बसण्यास जो थोडा वेळ मिळतो, तो कसा वापरावा, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

३. ‘कोचिंग’ ह्या शब्दाचा अर्थ

व्यवस्थापनशास्त्रात ज्या कौशल्याला ‘कोचिंग’ म्हणतात, त्याचा आपल्याकडील खासगी शिकवणीवर्गांशी संबंध नाही. त्याची कल्पना यावयाची तर तालमीतील वस्तादाचे उदाहरण घ्यावे. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा असतो. कुस्ती पहिलवान खेळतो. पहिलवानाचा पाय कोठे पडतो, दम कोठे तुटतो, हाती आलेला डाव कोठे निसटतो, हे वस्ताद बारकाईने पाहतो आणि नेमके तेवढेच त्याच्या ध्यानात आणून देतो. पहिलवानाच्या ऐवजी वस्तादच आखाड्यात उतरला, तर प्रेक्षकांची करमणूक होईल, पण पहिलवान तयार होणार नाही.

आधुनिक काळात ह्या विचाराला चालना मिळाली ती क्रीडांगणावरूनच. टिमथी गॅलवे ह्या टेनिसशिक्षकाचे पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘हात असा धरा, खांदा तसा वळवा’ अशा सूचनांच्या भडिमाराने खेळाडू गोंधळतो, असे त्याला आढळले. म्हणून तो शिकणाऱ्याला एवढेच सांगे की, चेंडू जमिनीवर आपटताच एक शब्द मोठ्याने उच्चारा आणि रॅकेटला लागताच दुसरा. लक्ष चेंडूवर खिळताच हाताची हालचाल आपोआप सुधारू लागे. सूचना कमी करून लक्ष नेमक्या जागी वळविणे, हे त्याच्या पद्धतीचे सार. पुढे जॉन व्हिटमोर ह्यांच्या १९९२ मधील पुस्तकाने हा विचार कचेऱ्या आणि कारखाने ह्यांपर्यंत पोचविला. ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय अशा चार पायऱ्यांनी संभाषण न्यावे, ही त्या पुस्तकामुळे सर्वत्र परिचित झालेली पद्धत होय.

शिक्षणक्षेत्रात तर हा विचार त्याही आधी सुरू झाला होता. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर ह्यांनी शिक्षकांच्या पर्यवेक्षणाची एक पद्धत विकसित केली. पाठापूर्वी बोलणे, पाठ पाहणे, नोंदींचा विचार करणे, पाठानंतर बोलणे आणि शेवटी स्वतःच्या मार्गदर्शनाचेही परीक्षण करणे, असा तिचा क्रम आहे. गोल्डहॅमर ह्यांचे पुस्तक १९६९ मध्ये आणि कोगन ह्यांचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८० च्या सुमारास ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स ह्यांनी असे दाखवून दिले की, प्रशिक्षणात ऐकलेली व पाहिलेली गोष्ट वर्गात उतरावयाची असेल, तर वर्गातच कोणीतरी सोबत करावी लागते. आपल्याकडील अनेक प्रशिक्षणे सभागृहातच का संपतात, ह्याचे कारण येथे सापडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाकाठी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास केवळ बसून ऐकण्यात गेले, तर त्यांचा उपयोग मर्यादितच राहील.

४. एक उदाहरण : हातच्याची वजाबाकी

समजा, एका द्विशिक्षकी शाळेत तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे. फळ्यावर ४२ − १७ हे उदाहरण आहे. वर्गात अठरा मुले आहेत. सात मुलांनी २५ हे बरोबर उत्तर काढले आणि अकरा मुलांचे उत्तर चुकले. मागे बसलेले केंद्रप्रमुख नेहमीच्या रीतीने लिहितील, ‘वजाबाकी कच्ची आहे. सराव वाढवावा.’ बाईही तो शेरा मान्य करतील आणि उद्यापासून मुलांना रोज वीस उदाहरणे घालतील.

आता हीच भेट दुसऱ्या रीतीने कशी होईल ते पाहू. शाळा सुटली आहे. बाई आणि केंद्रप्रमुख वर्गातच बसले आहेत.

“बाई, आजच्या पाठात तुमच्या मनासारखं काय झालं?”

“मुलं कंटाळली नाहीत, साहेब. सगळी लिहीत होती. पण उत्तरं चुकतात. घरी कोणी अभ्यास घेत नाही.”

“चुकलेल्या मुलांच्या वह्या इथंच आहेत. आपण दोघं मिळून पाहू या का? चूक की बरोबर हे बाजूला ठेवू. कोणी काय लिहिलंय एवढंच पाहू.”

वह्या उघडल्या जातात. अकरांपैकी आठ वह्यांत उत्तर ३५ आहे.

“आठ जणांचं उत्तर एकच आलं. ह्या मुलांनी ३५ कसं काढलं असेल?”

बाई थोडा वेळ गप्प राहतात. केंद्रप्रमुखही गप्प राहतात.

“दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यांनी सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान.”

“म्हणजे ह्या मुलांना नेमकं काय येतं आणि काय येत नाही?”

“वजाबाकी येते. पण दशक सुटा करायचा, हे कळलेलं नाही. हातचा घ्या असं मी सांगितलं. तो येतो कुठून हे दाखवलं नाही.”

“ते दाखवायला काय काय करता येईल?”

“कपाटात काड्यांचे गठ्ठे आहेत. चार गठ्ठे नि दोन सुट्या काड्या द्यायच्या आणि सतरा काढून द्या म्हणायचं. गठ्ठा सोडल्याशिवाय जमणारच नाही. नाही तर दहाच्या नोटा नि रुपयाची नाणी घेऊन दुकान मांडता येईल.”

“ह्यातलं आधी काय कराल?”

“काड्या. उद्यापासून चार दिवस, ह्या आठ जणांना जवळ बसवून. तेवढ्या वेळात बाकीची मुलं जोडीनं उदाहरणं करतील.”

“मी पुढच्या गुरुवारी येतो. त्या वेळी काय पाहू?”

“ह्या आठ जणांना ६१ − ३४ घाला, साहेब. आणि नुसतं उत्तर विचारू नका. कसं काढलं ते विचारा.”

हे संभाषण दहा-बारा मिनिटांचे आहे. आता दोन्ही भेटींचे परिणाम ताडून पाहावेत. ‘सराव वाढवावा’ हा शेरा अमलात आला असता, तर ती आठ मुले रोज वीस म्हणजे चार दिवसांत प्रत्येकी ऐंशी उदाहरणे करती, आणि दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंकच वजा करती. चुकीच्या रीतीचा सराव केल्याने चूकच पक्की होते. शेरा प्रामाणिक होता आणि शिक्षिकेने तो प्रामाणिकपणे पाळलाही असता. नुकसान झाले असते ते त्या आठ मुलांचे. पाचवीत गेल्यावर ‘ह्यांना गणितच येत नाही’ असा शिक्का त्यांच्यावर बसला असता.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, अनुभवी केंद्रप्रमुखाला ३५ हे उत्तर पाहताच कारण कळले असेल. मग त्याने सरळ सांगून का टाकू नये? त्याला कळले असेल हे खरे. परंतु उद्या गुणाकारात आणि परवा भागाकारात मुले अडतील, तेव्हा तो तेथे नसेल. ‘हे उत्तर मुलाने कसे काढले असेल?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय जर बाईंना लागली, तर त्या पुढील प्रत्येक पाठात तो विचारतील. सांगून टाकल्याने एक अडचण सुटते. विचारून शोधल्याने अडचण सोडविण्याची रीत हाती येते.

५. मार्गदर्शनाची चार अंगे

वरील उदाहरणात चार कौशल्ये दिसून येतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

(अ) पाहणे आणि नोंदणे. पर्यवेक्षकाच्या वहीत मत आणि वस्तुस्थिती ह्यांची गल्लत होऊ नये. ‘मुलांचा सहभाग कमी होता’ हे मत झाले. ‘वीस मिनिटांत चौदा प्रश्न विचारले, त्यांपैकी अकरा पुढील दोन रांगांना, खिडकीजवळच्या पाच मुलांना एकही नाही’ ही वस्तुस्थिती झाली. मताशी शिक्षक वाद घालील किंवा ते मुकाट्याने सोशील. वस्तुस्थिती पाहून तो स्वतःच विचारात पडेल. ह्यासाठी एक सोपा उपाय आहे. वर्गाच्या बैठकीचा कच्चा आराखडा काढावा आणि ज्या मुलाला प्रश्न विचारला जाईल, त्याच्या जागी एक रेघ मारावी. पाठ संपल्यावर तो कागद कोणतीही टीका न करता शिक्षकाच्या हाती द्यावा.

(आ) ऐकणे. अधिकारपदावरील माणसाला ऐकणे कठीण जाते, कारण त्याने बोलावे अशीच सर्वांची अपेक्षा असते. मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, असे त्यांना दिसून आले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविताच मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्ण झाली, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. जे मुलांबाबत खरे, ते शिक्षकांबाबतही खरे मानावयास हरकत नाही. वरील संभाषणात केंद्रप्रमुख गप्प राहिले, त्या काही क्षणांतच बाईंना उत्तर सापडले. तेथे ते बोलले असते, तर तो क्षण निसटला असता.

(इ) विचारणे. प्रत्येक प्रश्नचिन्ह म्हणजे प्रश्न नव्हे. ‘तुम्ही शैक्षणिक साहित्य का वापरले नाही?’ हे वाक्य प्रश्नासारखे दिसते, परंतु ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो आणि तो सबबी शोधू लागतो. ‘गठ्ठे वापरले असते तर बरे झाले नसते का?’ हा प्रश्नाच्या वेषातील आदेश आहे. खऱ्या प्रश्नाची खूण ही की, त्याचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरविलेले नसते. ‘काय झाले?’, ‘कोणत्या मुलांचे झाले?’, ‘आणखी काय करता येईल?’, ‘त्यांपैकी आधी काय कराल?’ असे साधे प्रश्न पुरतात. व्हिटमोर ह्यांच्या पुस्तकातील चार पायऱ्या आठवाव्यात. काय साधावयाचे आहे, आज स्थिती काय आहे, कोणते मार्ग आहेत आणि नेमके काय, केव्हा करणार. ह्यांपैकी वस्तुस्थितीच्या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. बहुतेक संभाषणे फसतात, ती ही पायरी ओलांडून थेट उपायावर उडी घेतल्यामुळे.

(ई) प्रत्याभरण देणे. प्रत्याभरण म्हणजे केलेल्या कामाविषयी करणाऱ्याला मिळणारी माहिती. ते दिल्याने काम सुधारतेच, असा आपला समज असतो. क्लुगर आणि डीनिसी ह्या संशोधकांनी १९९६ मध्ये ह्या विषयावरील सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने सुधारणा झालेली दिसली. परंतु एक-तृतीयांशाहून अधिक प्रसंगी प्रत्याभरणानंतर काम पूर्वीपेक्षा खालावले होते. माणसाचे लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडे गेले, म्हणजे प्रत्याभरणाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे विवेचन आहे. म्हणून बोलावे ते कामाविषयी. ‘तुम्ही नेहमी घाई करता’ असे म्हणण्याऐवजी ‘तिसऱ्या उदाहरणानंतर फळा पुसला, तेव्हा सहा मुलांचे लिहिणे बाकी होते’ असे म्हणावे. स्तुतीलाही हाच नियम लावावा. ‘फार छान पाठ झाला’ ह्या शाबासकीने समाधान होते, पण काय टिकवावयाचे हे कळत नाही. आणि एका भेटीत एकच गोष्ट हाती घ्यावी. सात सूचनांपैकी एकही अमलात येत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे.

६. मार्गदर्शन केव्हा करू नये

कौशल्य हाती आले, म्हणजे ते सर्वत्र वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. तीन प्रसंगी प्रश्न विचारत बसणे योग्य नव्हे.

पहिला प्रसंग नियम आणि मुलांची सुरक्षितता ह्यांचा. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांना शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ अन्वये मनाई आहे. वर्गात छडी दिसली, शालेय पोषण आहाराच्या धान्यात बिघाड आढळला, पाण्याची टाकी उघडी असली, तर तेथे ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारावयाचे नसते. तेथे स्पष्ट सूचना आणि तिची लेखी नोंद हेच कर्तव्य होय.

दुसरा प्रसंग अज्ञानाचा. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला दोन वर्ग एकत्र कसे हाताळावयाचे हे ठाऊक नसेल, तर कितीही प्रश्न विचारले तरी ते त्याच्यातून बाहेर येणार नाही. त्याला सरळ शिकवावे, पाठ घेऊन दाखवावा, शेजारच्या अनुभवी गुरुजींच्या वर्गात दोन दिवस बसवावे. प्रश्नांची पाळी त्यानंतर येते.

तिसरा प्रसंग वारंवार होणाऱ्या कर्तव्यच्युतीचा. सांगूनही जो शाळेत वेळेवर येत नाही, त्याच्याबाबत प्रशासनाचे मार्ग मोकळे आहेत आणि ते वापरले पाहिजेत. तेथे गोड संभाषण करीत राहणे म्हणजे वेळेवर येणाऱ्या त्याच्या सहकाऱ्यावर अन्याय करणे होय.

७. अधिकार आणि विश्वास

सार्वजनिक संस्थेतील पर्यवेक्षकाची एक खास अडचण आहे. त्याला आपले सहकारी निवडता येत नाहीत, चांगल्या कामाबद्दल वेतन वाढविता येत नाही आणि बदल्या त्याच्या हाती नसतात. जिल्हा परिषदेतील अन्य खात्यांतही हीच स्थिती आहे. अंगणवाडीच्या कामाची पाहणी करणारी पर्यवेक्षिका असो की ग्रामपंचायतींचे दप्तर पाहणारा विस्तार अधिकारी असो, दोघांचेही साधन संभाषण हेच असते. परंतु त्याचबरोबर वार्षिक कार्यमूल्यमापनात ह्या वरिष्ठांच्या मताला वजन असते. ज्याचे मत आपल्या अहवालात उतरणार, त्याच्यापुढे ‘मला हे जमत नाही’ असे कोण म्हणेल? आणि ‘जमत नाही’ हे जोवर उच्चारले जात नाही, तोवर मार्गदर्शनाला आरंभच होत नाही. कोठारी आयोगाने प्रशासन व पर्यवेक्षण वेगळे करण्यास सांगितले, त्यामागील मर्म हेच होय.

दोन स्वतंत्र अधिकारी मिळणे आपल्या हाती नाही. पण दोन कामे वेगळी ठेवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत. तपासणीची भेट आणि मार्गदर्शनाची भेट वेगवेगळ्या दिवशी ठेवावी, आणि आज कोणत्या कामासाठी आलो आहोत, हे आल्याबरोबर सांगावे. मार्गदर्शनाच्या भेटीत घेतलेल्या नोंदी शिक्षकाच्याच स्वाधीन कराव्यात. शेरेबुकात भेटीची तारीख आणि ठरलेली एक गोष्ट एवढेच लिहावे. एका शाळेतील अडचण दुसऱ्या शाळेत उदाहरण म्हणून सांगू नये. आपल्या पंचक्रोशीत नाव न घेताही माणूस ओळखला जातो. आणि मुलांसमोर शिक्षकाला कधीही सुधारू नये. एकदा गेलेला विश्वास परत यावयास अनेक भेटी लागतात.

८. वेळेचा हिशेब

‘हे सर्व ठीक आहे, पण वेळ कोठून आणावयाचा?’ असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. तेव्हा हिशेबच करून पाहू. समजा, केंद्रात दहा शाळा आणि चाळीस शिक्षक आहेत. महिन्यात कामाचे दिवस चोवीस धरले आणि त्यांतील निम्मे बैठका व माहिती ह्यांत गेले, तर बारा दिवस उरतात. दिवसाला एक पाठ नीट पाहून त्यावर बोलावयाचे ठरविले, तर चाळीस शिक्षकांची एक फेरी पूर्ण होण्यास तीन महिन्यांहून अधिक काळ लागेल. तीन महिन्यांनी एकदा झालेल्या संभाषणाने सवय जडत नाही.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, सर्वांना थोडे-थोडे देण्यापेक्षा एका सत्रात आठ-दहा शिक्षक निवडावेत आणि त्यांना दर पंधरवड्याला भेटावे. ह्या निवडीत केवळ अडचणीतील शिक्षक घेऊ नयेत, अन्यथा निवड होणे हीच शिक्षा ठरेल. चांगले शिकविणारे, नवे आणि अडलेले असे तिन्ही प्रकारचे शिक्षक त्यांत असावेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. केंद्रप्रमुख महिन्यातून एक-दोनदा येतो; मुख्याध्यापक रोज तेथे असतो. खरे मार्गदर्शन मुख्याध्यापकाकडूनच व्हावयास हवे, आणि केंद्रप्रमुखाने मुख्याध्यापकाला त्यासाठी तयार करावयास हवे. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक स्वतः दोन वर्ग सांभाळीत असतो, हे ध्यानात घेता तेथे दोघा शिक्षकांनी आठवड्यातून एकदा वीस मिनिटे एकमेकांच्या मुलांच्या वह्या पाहाव्यात, एवढे पुरे. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेतही परिपत्रकांचे वाचन आटोपते घेऊन, एका शिक्षकाने आपल्या वर्गातील पाच वह्या आणाव्यात आणि ‘ही उत्तरे मुलांनी कशी काढली असतील?’ ह्यावर सर्वांनी बोलावे. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

९. समारोप

शेरा लिहिणे बंद करावे, असे ह्या लेखाचे म्हणणे नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळेची तपासणी झालीच पाहिजे आणि तिची नोंदही राहिली पाहिजे. परंतु तपासणीने दोष कळतात, तेवढ्याने ते दूर होत नाहीत. ते दूर करणारा हात शिक्षकाचा आहे, आणि त्या हाताला बळ यावे म्हणून पर्यवेक्षकाने शाळेत जावयाचे असते. शेरेबुकाच्या पानावर दोन भेटींत तेच वाक्य पुन्हा लिहिण्याची वेळ आली, तर आपल्या मार्गदर्शनात काय राहून गेले, हा प्रश्न पर्यवेक्षकाने प्रथम स्वतःला विचारावा. वजाबाकीत ३५ लिहिणारी ती आठ मुले प्रत्येक केंद्रात आहेत. त्यांच्या वहीपर्यंत जी भेट पोचेल, ती सार्थकी लागली असे समजावे.

मनन व स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या शेरेबुकातील मागील तीन भेटींचे शेरे वाचा. त्यांपैकी कोणत्या शेऱ्यामुळे वर्गात प्रत्यक्ष बदल झाला? कोणते शेरे पुनःपुन्हा आले आहेत?

२. पुढील वाक्ये मतदर्शक आहेत. तीच वस्तुस्थितिदर्शक रीतीने कशी लिहिता येतील? (अ) वर्गात शिस्त नव्हती. (आ) वाचनाचा पाठ परिणामकारक झाला. (इ) शिक्षकांची पूर्वतयारी अपुरी होती.

३. एका मुलाने ३०४ − १२८ ह्याचे उत्तर २२४ असे लिहिले. त्याने ते कसे काढले असावे? त्याला काय येते आणि काय येत नाही? सहकाऱ्यांशी चर्चा करा.

४. एखाद्या शिक्षकाशी पाठानंतर दहा मिनिटे बोला आणि त्यांतील आपण किती मिनिटे बोललो, हे घड्याळ लावून पाहा. पुढील भेटीत हा वेळ निम्म्यावर आणण्याचा प्रयत्न करा.